धुण्याची वही

मॉडेलमधला माणूस सत्तर किलोचा असतो.
घराच्या बरोबर मधोमध उभा असतो
चोवीस तास, बारा महिने,
ना कामाला जातो, ना खिडकी लावतो,
फक्त श्वास घेतो, दिवसाला वीस घनमीटर,
शहाण्या मुलासारखा, एका लयीत.

अशी अकराशे बेचाळीस माणसं
मी नकाशावर पेरली होती
वाडन समुद्राच्या बांधामागे,
शंभर-शंभर मीटरच्या चौकोनांत.
वारा विमानतळावरून मागवला,
धूर कंपनीच्या तक्त्यातून.
तक्त्यातला धूर फार सभ्य.
भट्टी विझून पुन्हा पेटते त्या रात्री
तो तक्त्यात येतच नाही.

कचरा जाळणाऱ्या या चिमणीला पिल्लं नाहीत
तरी तिचा चारा
सगळ्यांच्या अंगणात पडतो.

चौकोन चारशे सतरा. वीब्रन, वय एक्याऐंशी.
मी प्रश्नावली काढली: घरात किती तास?
परसातलं काय खाता? अंडी?
"कोंबड्या होत्या," तो म्हणाला,
"तुमच्यातलंच कुणीतरी अंडी तपासायला घेऊन गेलं.
मग पत्र आलं, खाऊ नका.
कोंबड्यांना पत्र वाचता येईना,
त्या आपल्या घालत राहिल्या."

मग उठला, आणि पीठ-साखरेच्या डब्यांमागून
एक वही काढून माझ्यापुढे ठेवली.
शौक्याची. चौदा वर्षांचं धुणं.

सोमवार. वायव्येचा वारा. छान वाळलं.
गुरुवार. अर्ध्यातून आत आणलं.
शनिवार. उशांच्या अभ्य्रांवर काळं. पुन्हा धुतलं.
शनिवार, संध्याकाळ. पुन्हा.
शेवटची चार पानं वेगळ्या हातची, अक्षर मोठं:
एक चादर. विसरलो. रात्रभर बाहेर.

हिवाळाभर मी ती वही कॉम्प्युटरात भरली.
'आत आणलं' म्हणजे एक, 'वाळलं' म्हणजे शून्य.
'विसरलो' म्हणजे काय, ते अजून ठरलेलं नाही.
पाऊस वजा केला, शेतातल्या शेणखताचा वास वजा केला,
उरले त्रेसष्ट दिवस.
त्यातले एकेचाळीस मॉडेलशी जुळले.
बावीस दिवस मॉडेल म्हणतं, हवा स्वच्छ,
आणि शौक्या म्हणते, आत आणलं.

चुकलं कोण?
सर म्हणाले, बाई. धुण्याला काय प्रमाण?
मी गप्प राहिले, अर्ज केला.
सात महिन्यांनी भट्टीच्या नोंदी आल्या, दोनच वर्षांच्या.
त्या दोन वर्षांत बावीसपैकी सहा दिवस येत होते.
पाच दिवशी भट्टी नुकतीच पेटवलेली.
सहाव्या दिवशी, कोण जाणे,
शेजाऱ्याने पालापाचोळा जाळला असेल.

हे सांगायला गेले तेव्हा वीब्रन बटाटे सोलत होता.
सुरी थांबवली नाही त्याने.
"म्हणजे तिच्या आत किती गेलं?"
मी आकडा सांगितला. मग त्याच्या खालचा आकडा, वरचा आकडा.
दोघांच्या मधे एवढी जागा होती
की त्यात एक आख्खं आजारपण मावलं असतं,
किंवा काहीच नाही.
"चादरींचं कळतं," मी म्हणाले, "फुप्फुसांचं नाही."
त्याने मान हलवली, आणि सोललेला बटाटा
पाण्यात सोडला.

निघताना परसात दोरी दिसली. रिकामी.
एका खांबाला चिमट्यांची पिशवी, शेवाळलेली.
तेव्हा लक्षात आलं, तिची जागाच मी चुकवली होती.
ती घराच्या मधोमध नव्हतीच कधी.
ती इथे होती, दोन्ही हात वर,
ओठांत लाकडी चिमटे धरून,
म्हणजे श्वास नाकाने,
आणि नजर वायव्येला.

ऑफिसात येऊन मी चौकोन चारशे सतरा उघडला,
आणि तिचा ठिपका
अकरा मीटर पूर्वेला सरकवला.
गणित पुन्हा चालवलं.
आकडा हलला
तिसऱ्या दशांशस्थळी.

तो तसाच ठेवला आहे.